मुकादमबाईंचं नवं गिऱ्हाईक

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मुकादम’. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडायचं. दुपारचा भोंगा झाला की चारशे माणसं हात पुसत रांगेत उभी राहायची आणि पुढचा भोंगा व्हायच्या आत जेवूनखाऊन कामावर परतायची. भात कधी करपला नाही, सूप कधी खाली लागलं नाही, शेवटच्या माणसासाठी पातेल्याचा तळ खरवडावा लागला असं कधी झालं नाही. हाताखाली आठ माणसं होती, आणि त्या आठांपैकी एकाचीही कांदा कसा चिरायचा यावर तिच्याशी वाद घालायची टाप नव्हती.

पोट पुढं आलं तशी ती शेगडीपासून पाऊलभर मागं उभी राहून लांब दांड्याचा डाव चालवू लागली, एवढाच काय तो फरक. कुणी काळजीनं विचारलं, “पहिलंच ना गं? भीती नाही वाटत?” तर ती डाव हलवत हलवतच म्हणायची, “चारशे जणांना पोटभर घालते मी. वीतभर पोराचं काय एवढं!”

पोर सकाळी झालं. मुलगी. काळंभोर जावळ, मिटलेल्या मुठी आणि कपाळावर अशी आठी की जणू तक्रार घेऊनच आली होती. मोठ्या सिस्टरांनी तिला पुसून तशीच उघडी आईच्या छातीवर पालथी ठेवली आणि वर पांघरूण घातलं. मोठ्या सिस्टर म्हणजे त्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या नर्स; आवाज खर्जातला, चाल वाऱ्याची. “घाई करू नकोस,” त्या म्हणाल्या. “तिला वास येतो. शोधेल ती.”

आणि खरंच, थोड्या वेळानं ती मान डुगडुगवत वर आली, जीभ बाहेर काढून चाटून पाहिलं, चार-सहा वेळा चोखलं आणि दमून झोपी गेली.

“झालं की!” मुकादम नवऱ्याला म्हणाली. “गिऱ्हाईक खूश आहे.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेल्या माणसांशी बाहेरून शांतपणे बोलत राहणं हा त्याच्या धंद्याचा अर्धा भाग होता, त्यामुळे तो कशावरही पटकन मत देत नसे. तो नुसता हसला आणि पोरीच्या तळव्याला एक बोट लावून बघत बसला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं.

मुकादमनं पोरीला उचललं की पोर रडायची, जवळ घेतलं की कमान टाकून मागं जायची, आणि कधी एकदाचं तोंड लागलंच तर नुसतं टोक पकडून असं करकचून ओढायची की मुकादमच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. कँटीनमध्ये उकळतं तेल हातावर उडालं तरी हूं की चूं न करणारी बाई इथं पायाची बोटं आवळून बसू लागली. तिनं बसण्याच्या सगळ्या पद्धती पाठ केल्या होत्या. उशी कुठं, कोपर कुठं, बाळाचं नाक कुठं, सगळं. त्याप्रमाणे ती एका हातानं पोरीचं डोकं धरायची, दुसऱ्या हातानं छाती, आणि दोन्ही एकमेकांवर आणून बसवायची. डब्याला झाकण बसवावं तसं. झाकण काही बसेना.

संध्याकाळपर्यंत दोन्हीकडं चिरा पडल्या. आलं होतं काय तर थेंब. दाट, पिवळे, चिकट थेंब.

“सिस्टर, यात हिचं काय होणार?” तिनं विचारलं. “कुणाला पुरणार हे?”

“तिचं पोट केवढं आहे माहितीये?” सिस्टरांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून एक लहानसं कडं केलं. “गोटीएवढं. हा चीक आहे, दुधाच्या आधीचा. थोडा असतो, पण कसदार असतो. आत्ता तिला एवढंच हवं. फक्त वरचेवर हवं.”

मुकादमला ते पटलं आणि पटलंही नाही. मोजायचं ते डावानं, पातेल्यानं, पोत्यानं, अशी तिच्या आयुष्याची मापं. थेंबांवर कुणाचं जेवण होतं हे तिच्या अकलेत बसत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक पोस्टवाली होती. घरोघर टपाल टाकून पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेली, तिसऱ्या खेपेची. तिचा मुलगा तिच्या अंगावर पालीसारखा चिकटून असायचा. ती निम्मी आडवी पडून, एक हात उशाखाली घालून बिस्कीट खायची, त्याच्या डोक्यावर चुरा पडायचा, तो फुंकून टाकायची, आणि तो आपला घटाघट पीत राहायचा. कोपर कुठं, उशी कुठं, कशाचा कशाला पत्ता नाही. मुकादमला ते बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

“तू पद्धतीनं काहीच करत नाहीस,” ती शेवटी म्हणाली.

“पहिल्या वेळी केलं होतं गं सगळं,” पोस्टवाली म्हणाली. “रडून रडून डोळे सुजले होते माझे. तुला एक सांगू? राग मानू नकोस. तू तिला वाढतेयस. आग्रह करून करून वाढतेयस. वाढू नकोस. ताट ठेव पुढ्यात आणि जरा बाजूला हो.”

मुकादमनं राग मानला. तिनं उशी पुन्हा नीट केली, कोपर ठरल्या जागी ठेवलं आणि पुन्हा झाकण बसवायला घेतलं.

सासूबाई आल्या त्या पिशवीत दूध पावडरीचा डबा घेऊनच. बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावर पुडे भरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्त होऊनही बोटं अजून स्वस्थ नसत, मांडीवर आपली कसलीतरी घडी घालत असत. बाई प्रेमळ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. नातीचा आवाज त्यांना जिन्यातच ऐकू आला होता.

“उपाशी आहे ती,” त्या दारातूनच म्हणाल्या. “सूनबाई, हट्ट सोड. मी दोन पोरं बाटलीवर वाढवली. हा बघ तुझा नवरा. काय कमी पडलं याला?”

नवऱ्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“आई, कमी काही पडलं नाही,” मुकादम म्हणाली, “पण हिचं मी बघते.”

“बघतेयस ते दिसतंय. दोघी रडताय.”

तेव्हा मुकादमला कळलं की आपलेही गाल ओले आहेत. तिला स्वतःचाच संताप आला. आजवर कामात तिला कुणी हरवलं नव्हतं, आणि हरवलं ते कुणी, तर जिला अजून मान धरता येत नाही तिनं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं वजन केलं. लहान मुलांच्या डॉक्टर, चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक तरुण बाई, काटा पुन्हा एकदा बघायला वाकल्या. मग खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या.

“पहिल्या दिवसांत सगळ्यांचंच वजन थोडं उतरतं,” त्या म्हणाल्या. “हिचं जरा जास्त उतरलंय. थोडी पिवळीही दिसतेय. घाबरण्यासारखं नाही, पण आता पोटात गेलंच पाहिजे. तुम्ही हातानं चीक काढा, जेवढा निघेल तेवढा चमच्यानं द्या. त्यात भागलं नाही तर वरून थोडं पावडरीचं देऊ, मी माप सांगते. आणि दर वेळी आधी अंगावर घ्यायचं. हे सुटू द्यायचं नाही.”

सासूबाईंचा हात पिशवीकडं गेला. मुकादमनं तो बघितला. कँटीनमध्ये नव्या पोरापोरींना ती एकच नियम पहिल्या दिवशी शिकवायची: भुकेलं माणूस समोर उभं असताना चूक कुणाची यावर भांडायचं नाही, आधी वाढायचं. तो नियम काय फक्त दुसऱ्यांसाठी होता?

“माप सांगा डॉक्टर,” ती म्हणाली. “आई, डबा काढून ठेवा. पण आधी माझं.”

मोठ्या सिस्टरांनी हातानं चीक काढायला शिकवलं. बोटं टोकापासून जरा मागं ठेवायची, आत छातीकडं दाबायची, मग हळूच पुढं आणायची. ओढायचं नाही, घासायचं नाही. हे मात्र मुकादमला पटकन जमलं; कणकेला किती जोर आणि लोण्याला किती, हे तिच्या हातांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पहिला थेंब आला, लोंबकळला, स्टीलच्या वाटीत पडला. मग दुसरा. जी बाई उरलेलं सूप बादल्यांनी ओतून द्यायची, ती वाटीच्या कडेला चिकटलेला एक थेंब चमच्याच्या टोकानं खाली आणू लागली.

सासूबाईंनी वाटीत वाकून पाहिलं. “हे असलं पिवळं? हे द्यायचं?”

“हेच द्यायचं,” सिस्टर म्हणाल्या. “सोनं आहे ते.”

“आम्हाला फेकून द्यायला सांगितलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “खराब असतं म्हणाले. पिळून मोरीत टाकलं मी. दोन्ही वेळा.”

सिस्टर त्यांच्या खांद्याला हात लावून पुढच्या खाटेकडं गेल्या.

वाटीत तळ झाकेल इतकं जमलं तेव्हा प्रश्न आला, द्यायचं कसं. मुकादमनं चमचा पोरीच्या तोंडाशी नेला तर तिचा हात थरथरला. रात्रभर झोप नव्हती, पाठ मोडलेली होती. अर्धं हनुवटीवर गेलं. हनुवटीवर गेलेला तो अर्धा चमचा बघून तिला ब्रह्मांड आठवलं.

“आण इकडं,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं धरलं. चमचा खालच्या ओठावर नुसता टेकवला आणि थांबल्या. ओतलं नाही. पोरीनं जीभ बाहेर काढली, चाटलं, आणि तिचे डोळे खाडकन उघडले. पुन्हा जीभ. वाटी रिकामी झाली तेव्हा दुपट्यावर एक डागही नव्हता.

“पट्ट्यावर पुडे यायचे ना,” सासूबाई वर न बघता म्हणाल्या, “हात जरा हलला की बिस्किटं मोडायची. इतकी वर्षं नाही हलला.”

वरून पावडरीचं दूध द्यावं लागलं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, तेही चमच्यानंच. मुकादमनं ते डोळे उघडे ठेवून बघितलं. पोर प्यायली, ढेकर दिला, झोपली. आभाळ कोसळलं नाही.

मग कामाची घडी बसली. आधी पोर अंगावर, जमेल तेवढं, जमेल तसं. मग मुकादम वाटी घेऊन काढायला बसायची, सासूबाई चमचा घेऊन पाजायला, आणि नवरा वाट्या-चमचे उकळायला. तिनं त्याला भांडी कशी उकळायची ते दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तोच म्हणाला, “मुकादम, मला कळलंय.” तोंडावर हे नाव घेणारा तो पहिलाच. ती इतकी दमली होती की रागवायचंही विसरली, आणि मग दोघंही हसत सुटली.

एका दुपारी वॉर्डात सामसूम होती, पोस्टवाली तोंड उघडं टाकून घोरत होती, तेव्हा सासूबाई बोलल्या. वाटीकडं बघत, जसं काही वाटीलाच सांगत होत्या.

“धाकटीच्या वेळी दूध खूप आलं होतं मला. तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले, जाणं भागच होतं. पट्ट्यावर उभी असायचे आणि कुठं दुसऱ्याच कुणाचं पोर रडलं, गेटापाशी वगैरे, की माझा झगा पुढून भिजायचा. आमचा सुपरवायझर म्हणाला, ‘बाई, बिस्किटं आधीच दुधाची आहेत, तुम्ही घालू नका.’ सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन कापडानं घट्ट बांधून टाकलं. आठवडाभरात आटलं.” त्यांनी पोरीच्या ओठाखालचा थेंब करंगळीनं टिपला. “बाटलीवर मुलं चांगली होतात गं. झालीच की. पण मला कुणी विचारलं नाही, तुला काय करायचंय म्हणून.”

मुकादम म्हणाली, “त्या सुपरवायझरला माझ्या रांगेत पाठवा एकदा.”

“मेला तो,” सासूबाई म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवून हसल्या.

वजन उतरायचं थांबलं, पिवळेपणा ओसरू लागला, आणि डॉक्टरांनी चार दिवसांनी दाखवायला यायच्या अटीवर घरी सोडलं. पोस्टवाली जाताना म्हणाली, “जमेल. नाहीच जमलं तरी तिची आई तूच राहशील, ते काही कुणी काढून घेत नाही.” आणि आपलं पोर काखेत मारून ती अशी निघाली जशी वाटेत अजून दोन गल्ल्यांचं टपाल टाकायचं होतं.

घरी पोचल्यावर खरं दूध उतरलं. उतरलं म्हणजे कोसळलं. सकाळी मुकादम उठली तर दोन्ही छात्या दगड झालेल्या, तापलेल्या, काखेपर्यंत ठणका. इतके दिवस थेंबाथेंबाला महाग झालेली बाई आता दुधानं फुटायला आली होती, आणि पोरीला ते तोंडात धरताच येईना. फुगलेल्या फुग्यावर ओठ घसरावेत तसे तिचे ओठ घसरत होते. ती भुकेनं रडत होती, ही ठणक्यानं.

नेमकं त्याच वेळी कँटीनची अख्खी फौज दारात हजर झाली. सुट्टीचा दिवस होता. आठही जण, सूपचं एक मोठं पातेलं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एक सल्ला.

“ताई, गरम पाण्यानं शेका.”

“गरम नाही, थंड! माझ्या बहिणीनं थंड पट्ट्या ठेवल्या होत्या.”

“दूध फार प्यायला असाल तुम्ही.”

“जोरात चोळा, गाठी फुटतात.”

“आज बाटली द्या, उद्या बघू.”

भाजी चिरणारा म्हातारा, ज्याला स्वतःची मुलं नव्हती, तोही म्हणाला, “माझ्या मते बाळाला लाज वाटतेय. एवढी माणसं आहेत.”

मुकादम उठून उभी राहिली. केस पिंजारलेले, झग्यावर दुधाचे दोन मोठे गोल डाग. डाग झाकायला सासूबाईंनी घाईनं पुढं केलेला टॉवेल तिनं हातानं बाजूला सारला.

“एका किचनमध्ये एकच वस्ताद असतो,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण आठही जणांनी सवयीनं पाठी ताठ केल्या. “पातेलं शेगडीवर ठेवा. मंद आच. ज्याला बोलायचंय त्यानं बाहेर जाऊन जिन्यात बोलायचं. आजोबा तेवढं बरोबर बोलले.”

फौज जिन्यात गेली. नवऱ्यानं दार लोटून घेतलं आणि दारापलीकडून म्हणाला, “मी इथंच आहे. काही घाई नाही.” अडकलेल्यांशी बोलताना लागायचा तोच त्याचा आवाज होता. पहिल्यांदाच तिला कळलं, लोक त्या आवाजावर विसंबून श्वास का घेतात.

ती पलंगावर मागं रेलून बसली, निम्मी आडवी. सिस्टरांनी सांगितलेलं आठवून तिनं बोटांनी टोकाभोवती हळूहळू दाबलं, थोडं दूध निथळू दिलं, तो भाग मऊ होईपर्यंत. मग पोरीचे कपडे काढले, स्वतःचा झगा सैल केला आणि तिला छातीवर पालथी टाकली. उशी नाही, कोपर नाही. दोन्ही हात तिनं मुद्दाम पोरीच्या पाठीवर नुसते ठेवले. डोक्याला हात लावायचा मोह झाला तेव्हा तिनं दात आवळले.

पोर रडत होती, मग कण्हायला लागली, मग गप्प झाली. तिनं मान उचलली. ती मान डगडगली आणि धपकन एका बाजूला पडली. पुन्हा उचलली. पायांनी आईच्या पोटात रेटा दिला, गाल घासत घासत बाजूला सरकली, हनुवटी टेकवली, नाक वर केलं. मुकादम बघत होती. कुणी काही न वाढता, न सांगता, हे एवढंसं माणूस आपल्या जेवणापर्यंत आपलं आपण चालत निघालं होतं. मग तिनं असा आ वासला की मुकादमला वाटलं आता ही जांभई देणार, आणि तेवढ्यात ती लागली. टोकाला नाही. चांगलं तोंडभर.

दुखलं. पण कळ आली तशी गेली. जबडा आधी भराभर हलला, मग संथ झाला. कानाजवळचा भाग हलताना दिसत होता. आणि मग आवाज आला: क्, क्, क्. दर दोन-तीन ओढींना एक बारीकसा आवाज.

दाराच्या फटीतून सासूबाईंचा आवाज आला, “गिळतेय का गं?”

“गिळतेय,” मुकादम म्हणाली.

“गिळतेय!” सासूबाईंनी जिन्यात जाहीर केलं, आणि जिन्यातून असा जल्लोष उठला की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खाली डोकावून काय झालं म्हणून विचारू लागलं. पोर दचकली, पण सुटली नाही.

सगळं त्या दिवशी सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घसरली, तिसऱ्या दिवशी एका बाजूला छान आणि दुसऱ्या बाजूला नाटकं. चिरा भरायला आठवडा गेला. पावडरीचा डबा फडताळात होता. एकदा मुकादमला तापाची कणकण आली तेव्हा तो उघडलाही, आणि कुणी त्याचा बाऊ केला नाही. पण डॉक्टरांकडं पोरीला वजनाला नेलं तेव्हा काट्याकडं बघायची वेळ आली नाही. डॉक्टरबाईंनी तिला उचललं आणि हातानंच तोलून म्हणाल्या, “ओहो, हिला कुणीतरी पोटभर घालतंय.”

“घालत नाही,” मुकादम म्हणाली. “ती घेते.”

कामावर परतायच्या आधी एक दिवस ती मॅनेजरांना भेटायला गेली. मॅनेजर भले गृहस्थ होते, पण कुठलीही मागणी ऐकली की त्यांची पहिली प्रतिक्रिया हात वर करायची असे.

“मला एक खोली लागेल,” ती म्हणाली. “दिवसातून तीनदा. आतून कडी लागणारी. एक खुर्ची, हात धुवायला नळ, आणि फ्रिजमध्ये एक कप्पा.”

“ताई, जागा कुठंय?” मॅनेजरांनी हात वर केले. “हवं तर स्वच्छतागृहात...”

“तुम्ही तिथं बसून जेवता?”

मॅनेजरांनी हात खाली घेतले.

“जागा आहे,” ती म्हणाली. “बटाट्यांच्या कोठाराला लागून जुनी खोली आहे. मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या भरून ठेवल्यात. नळ आतच आहे. माझी माणसं उद्या रिकामी करतील, रंगही देतील. तुम्ही फक्त कडी बसवून द्या. आणि ती माझ्या एकटीसाठी नाही. मशीन विभागात दोघी आहेत, शिवण विभागात एकजण आहे, दिवस भरत आलेली.”

“त्यांनी तर कधी मागितली नाही.”

“त्यांना कुणी विचारलं नाही,” मुकादम म्हणाली.

हे बोलताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज जरा कडक निघाला. मॅनेजरांनी कडी लावून दिली. नुसती कडीच नाही, तर स्वतःच्या ऑफिसातली गादीची खुर्चीही पाठवली आणि निरोप दिला की ती परत नको.

मुकादम कामावर परतली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मशीन विभागातली एक पोरसवदा बाई त्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, नजर जमिनीवर. आत नुकताच रंगाचा वास विरत होता. बाहेर कँटीनमध्ये ताटांचा खणखणाट चालू होता आणि मुकादम हाताचं पीठ पुसत तिकडं आली होती.

“ताई, मला वाटतं माझं फार थोडं येतं,” ती बाई म्हणाली. “कुणी बघितलं तर हसतील.”

“इथं बघायला कुणी येत नाही. हसणाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळत नाही, हे सगळ्यांना माहितीये.” मुकादमनं खुर्ची खिडकीकडं जरा वळवून दिली. “हात धू. टेकून बस. खांदे खाली सोड. येईल तेवढं येऊ दे, घाई कसलीच नाही. आणि नाही जमलं तर सांग, मी आहे, माझ्या सासूबाईही आहेत. त्या रोज दुपारी माझ्या पोरीला घेऊन गेटापाशी येतात. चमच्यानं पाजण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.”

बाईनं मान वर केली. “तुम्हालाही जमत नव्हतं?”

“मला?” मुकादम हसली. “मला त्या पोरीनं पुरतं लोळवलं. जा, आत बस.”

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मुकादमनं दारासमोर पडलेला एक बटाटा उचलून कोठारात टाकला आणि वळून ओरडली, “भोंगा व्हायला आला! ताटं कुठंयत?”